तुझ्या हजार झाडांबद्दल

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा दुपारी मिळालं. शेवटच्या पानावर पेन इतकं दाबून चालवलं आहेस की कागद उलटा केला तर अक्षरं बोटांना लागतात. दोनदा वाचलं. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रात्री एकदा विचार करून लिहावं म्हणून थांबले. तू मला अजून 'बाई' म्हणतेस, त्या हक्कानेच काही गोष्टी स्पष्ट लिहिते आहे.

तुझ्या दहा आठवड्यांच्या पर्यावरण नेतृत्व प्रशिक्षणाबद्दल तू किती भरभरून लिहिलं आहेस! पहाटे पाचला उठून नदीकाठी पक्षी पाहणं, वसतिगृहातला एका दिवसाचा कचरा स्वतःच्या हातांनी वेगळा करून तोलणं, जनसुनावणीचं नाटक आणि त्यात तुझ्या वाट्याला आलेली कंपनीच्या अधिकाऱ्याची भूमिका. कोकणातल्या मुलीशी खाणीवरून तुझं भांडण झालं आणि शेवटच्या रात्री दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलात, हे वाचताना मला फार बरं वाटलं. त्या मुलीला सोडू नकोस. पंधरा वर्षांनी तुला शिबिरातली व्याख्यानं आठवणार नाहीत, पण अडचणीच्या रात्री फोन करायला ती असेल. माझ्या 1991 च्या शिबिरातल्या दोन मैत्रिणी आजही माझ्याशी तितक्याच हक्काने भांडतात.

आता 1 मेच्या ग्रामसभेबद्दल.

गावाच्या गायरानावर हजार झाडं लावायचा प्रस्ताव तू मांडलास. शिबिरातून आल्यावर सहा महिन्यांत एक काम उभं करून दाखवायचं होतं, त्यासाठी तू हे निवडलंस. सरपंचांनी कौतुक केलं, तरुण मंडळाच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागे भिंतीला टेकून बसलेले धनगरवाड्यावरचे आजोबा उठले आणि त्यांनी विचारलं, "झाडं लावल्यावर पावसाळ्यात आमची मेंढरं कुठं न्यायची?" दोन-चार जण हसले. तुला उत्तर सुचलं नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. तू लिहितेस, "एका माणसामुळे सगळं अडलं. चांगल्या कामालाही विरोध करणारे असतातच."

बाळ, हे वाक्य मी पेन्सिलीने अधोरेखित केलं आहे.

त्या सभेत तुझ्या कामाबद्दल खरा प्रश्न विचारणारा एकच माणूस होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाचं त्या गायरानावर रोज काही अडत नाही. आजोबांचं अडतं. आणि त्यांनी काळही नेमका सांगितला, पावसाळ्यात. तू तो शब्द पत्रात जसाच्या तसा लिहिलास, पण त्यावर थांबली नाहीस. मी थांबले, कारण माण, फलटणकडचे कळप मला माहीत आहेत. दिवाळीनंतर ते घाट उतरून कोकणात जातात, वाटेत रात्री शेतकऱ्यांच्या रानात बसतात, लेंड्यांचं खत देतात, त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि पाऊस यायच्या सुमाराला घरी परततात. आठ महिने बाहेर फिरणाऱ्या कळपाला गावात लागतो तो पावसाळ्याचा माळ. तुझी झाडं लागणार जुलैत. कुंपण पडणार जुलैत. मेंढरं परत येणार त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस. आजोबांनी एका वाक्यात हे सगळं वेळापत्रक तुझ्यापुढे ठेवलं होतं.

गायरान हा शब्दच बघ. सातबाऱ्यावर जमीन सरकारची असते, ताबा ग्रामपंचायतीकडे असतो, पण नावातच ती कुणासाठी आहे ते लिहिलेलं आहे. तुझ्या प्रस्तावात मात्र तिला 'पडीक' म्हटलंय. हा शब्द तू बनवलेला नाहीस. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती पडीक, असा इंग्रजांच्या महसूल खात्याचा हिशेब होता, आणि आजही उपग्रहावरून तयार होणाऱ्या पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत आपल्याकडची गवताळ माळरानं त्याच रंगात दिसतात. त्यामुळे शिकलेल्या माणसाला माळ दिसला की तो रिकामा वाटतो आणि काहीतरी लावावंसं वाटतं.

पण तुझ्या गावचा माळ रिकामा नाही. पाचशे मिलिमीटरच्या आत पाऊस, वर हातभर मुरूम, खाली कातळ. अशा जागी निसर्गानेच गवत निवडलं आहे. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं पहिल्या दोन पावसांत उठतात आणि मुळांनी माती धरून ठेवतात. चंडोल आणि माळटिटवी जमिनीवरच अंडी घालतात, त्यांना उघडा माळच लागतो. धाविक पक्षी तर दाट झाडीत राहूच शकत नाही. लांडगा, खोकड, चिंकारा सगळे या माळाचे. सोलापूरच्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. तो पक्षी आता तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे, आणि त्याच्या जाण्यामागे माळरानांचे तुकडे पडणं हे मोठं कारण आहे. शेती, रस्ते, कालवे यांच्यासोबत चुकीच्या जागी केलेल्या झाडीनेही माळ मोडतो. तुझ्या यादीत गिरीपुष्पाची चारशे रोपं आहेत. ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं झाड. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते चांगलं, पण माळावर चारशे एका ठिकाणी नकोत.

हे वाचून तुला वाटेल, बाई सगळंच मोडून टाकायला निघाल्या. तसं नाही. मीसुद्धा हीच चूक केली, आणि माझ्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली. ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. तुला सांगते.

मी तेवीस वर्षांची होते. दहा दिवसांचं पाणलोटाचं शिबिर करून आले होते आणि एका गावात मला काम मिळालं होतं. गावाचं नाव लिहीत नाही. डोंगर बोडका, ओढे सप्टेंबरातच आटायचे. पाणी अडवायला डोंगरउतारावर सलग समतल चर काढायचे, गवताचं बी टाकायचं आणि तीन वर्षं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची, असं ठरलं. मी घरोघर फिरले. ऐंशीच्या वर सह्या आणि अंगठे झाले. तो कागद घेऊन मी तालुक्याला गेले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत कमरेला लागलं. बाहेरगावची माणसं बघायला यायची. आम्ही त्यांना डोंगरावर न्यायचो, चर दाखवायचो, विहिरींचं वाढलेलं पाणी दाखवायचो. हे सगळं खरं होतं. पाणी खरंच वाढलं होतं.

एक दिवस एसटी स्टँडवर खालच्या आळीतल्या एक बाई भेटल्या. त्यांच्या घरी गुंठाभरही जमीन नव्हती, सहा शेळ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "बाई, तुमचं गवत लई छान आलंय हो." आवाजात राग नव्हता. मी हसून पुढे निघाले आणि दहा पावलांवर माझ्या लक्षात आलं की त्या 'तुमचं' म्हणाल्या होत्या. मागे वळले. शेजारी बसले. मग कळलं की बंदी लागली त्या महिन्यातच त्यांनी सहाच्या सहा शेळ्या बाजारात नेऊन विकल्या. खालच्या आळीतल्या सात-आठ घरांनी त्याच आठवड्यात शेळ्या काढल्या होत्या, त्यामुळे भाव पडला होता. पोराच्या आजारपणाला, पोरीच्या लग्नाला, बी-बियाण्याला मोडायची त्यांची बँक ती. मी त्यांच्याही घरी गेले होते. त्यांनी अंगठाही दिला होता. सगळं गाव देतंय म्हटल्यावर त्या एकट्या कशा नाही म्हणणार? मी विचारलं होतं, "बंदी मान्य आहे ना?" मी हे विचारलं नव्हतं की "बंदी झाली तर तुमच्या शेळ्या काय खातील?"

वाढलेलं पाणी गेलं कुणाकडे, हेही मी तोवर पाहिलं नव्हतं. ज्यांच्या विहिरी डोंगराच्या पायथ्याला, त्यांच्याकडे. ज्यांच्या शेळ्या गेल्या, त्यांच्याकडे विहीरच नव्हती.

पुढे आम्ही नियम बदलला. गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळ्या असलेल्या भूमिहीन घरांना दिला, आणि डोंगराचा एक तुकडा पाळीपाळीने चराईला मोकळा ठेवला. गवत काही कमी झालं नाही. हे आधी सुचलं असतं तर सहा शेळ्या राहिल्या असत्या. त्या बाईंनी पुन्हा शेळ्या घेतल्या नाहीत. ऊसतोडीला जायला लागल्या. आजही कुठे चराईबंदीचा फलक दिसला की मी आधी विचारते, इथे शेळ्या कुणाच्या होत्या?

त्यानंतर मी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीबद्दल तुमच्या शिबिरात एक तास झाला म्हणतेस. 1972 च्या दुष्काळात हा अभियंता-उद्योजक तिथे गेला, देवस्थानची चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली आणि तिथे पाणी अडवून दाखवलं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण मला ज्याने हलवलं ते त्यांचं वाटपाचं सूत्र. पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि घरटी जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातला पाचवा हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आधी भरायचा. पाणी अडवायच्या आधी ते कुणाचं होणार हे ठरलेलं असायचं. माझ्या शिबिरात चराची खोली शिकवली होती, रुंदी शिकवली होती, ए-फ्रेमने समान पातळीची रेघ कशी आखायची ते शिकवलं होतं. वाटप कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या वहीतही बघ, झाडांचा खड्डा किती फुटांचा ते आहे. फळ, सावली आणि चारा कुणाला, हे पान नाही.

तर आता काय करायचं?

पहिली गोष्ट, आजोबांकडे जा. प्रस्ताव घेऊन जाऊ नकोस, फाइल नको, मोबाइलवर फोटो काढू नकोस. कळप परतायचे दिवस आहेत. मेंढरं वाड्याला आली की दोन दिवस त्यांच्यामागे चाल. माळावर कुठलं गवत आधी उठतं, कुठलं मेंढरू सोडून देतं, पाणी कुठे दोन दिवस जास्त टिकतं, लांडगा कुठल्या घळीतून येतो, हे ते चालता चालता सांगतील. विचारून सांगणार नाहीत. सोबत एक छोटी वही ठेव आणि रात्री घरी येऊन लिही.

मग ग्रामपंचायतीत जाऊन लोक जैवविविधता नोंदवही मागून बघ. गावातली झाडं, गवतं, प्राणी यांची ती नोंद, 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ची मुदत दिली तेव्हा बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. त्यात माळाची किती गवतं आहेत ते मोज. आजोबांनी सांगितलेली किती नाहीत तेही मोज. ती नावं त्यांच्या शब्दांत नोंदवहीत जावीत म्हणून जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी दे. सहा महिन्यांचं काम हवं होतं ना तुला? हेच मोठं काम आहे.

सभेची वेळ बदलून घे. तू सायंकाळी साडेपाचला ग्रामसभेआधीची चर्चा ठेवली होतीस. साडेपाचला धारा काढायच्या असतात, मग डेअरीवर दूध घालायचं असतं. बायका येणार कशा? तुला वाटलं, त्यांना रस नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती घ्यायला लाव आणि तिथे आधी जा. सरपण, चारा आणि पाणी कुठून किती लांबून आणावं लागतं हे बाईला पावलांच्या हिशेबात माहीत असतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली जी संख्या कमी ती. ती भरली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे दहा माणसांतही ठराव होऊ शकतो. तुला कुणी असा सोपा रस्ता सुचवेल. कृपा करून तो घेऊ नकोस.

तुझ्या भाषेबद्दलही लिहिते, रागावू नकोस. त्या दिवशी भिंतीवर दाखवलेल्या स्लाइड्समध्ये 'क्लायमेट रेझिलियन्स', 'स्टेकहोल्डर', 'इकोसिस्टिम सर्व्हिसेस' होते म्हणे. हे शब्द शिबिरात मुंबई-पुण्याच्या मुलांसमोर चालून गेले. गावात ते भिंतीसारखे उभे राहतात. 2020 मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला तो इंग्रजी आणि हिंदीत. ज्यांच्या गावात प्रकल्प येणार, ते हरकत कुठल्या भाषेत घेणार? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि 30 जून 2020 रोजी न्यायालयाने मसुदा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांमध्ये उपलब्ध करून द्यायला सांगितलं, हरकतींची मुदतही वाढवली. ज्याला शब्द कळत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. तुझ्या आईला जे एका दमात सांगता येईल, तेच सभेत बोल. 'रेझिलियन्स'ला आपल्याकडे शब्द हवा असेल तर आजोबांना विचार, दुष्काळात कळप कसा तगवला. 'तगणं' हा शब्द मला तरी पुरतो.

तुम्हाला मेंढा-लेखा दाखवायला नेलं होतं, त्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, त्या पण 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या प्रसिद्ध घोषणेच्या. मी तिथे दोनदा राहिले आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं शंभराच्या आसपास घरांचं गोंडांचं गाव. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना मिळवला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे दोन वेगळ्या बैठका चालतात. एक ग्रामसभा, जिथे निर्णय होतो आणि तोही सर्वांच्या सहमतीने. दुसरा अभ्यासगट, जिथे निर्णय होतच नाही. फक्त समजून घ्यायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, उलटसुलट बोलायचं. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षं धरून ठेवली. तू एकाच सभेत माहितीही दिलीस आणि हात वरही करायला लावलेस. माणूस बावरतो. 'हो' म्हणतो किंवा भांडतो. तुझ्या गावात पाच-सहा जणांचा अभ्यासगट आधी कर. आजोबा त्यात हवेत, दोन बायका हव्यात, आणि तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलेला माणूसही हवा. तीन महिने निर्णयाचं नाव काढू नका.

आणि या तीन महिन्यांत एक काम स्वतःच्या हाताने कर. विहिरी मोज.

मी तुला हे आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा तू शिबिराच्या तयारीत होतीस. सोपं वाटतं, पण नीट करायला हवं. गावाच्या माथ्याकडच्या दोन, मधल्या तीन आणि ओढ्याकाठच्या दोन अशा सात विहिरी निवड. प्रत्येकीच्या कठड्यावर एका जागी तेलरंगाने बोटभर खूण कर. नेहमी त्याच खुणेपासून माप घ्यायचं. मोटार चालू व्हायच्या आधी, पहाटे. रात्री लाइट असेल आणि मोटार चाललेली असेल तर पाणी खोल दिसतं आणि तुझा आकडा खोटा पडतो, म्हणून मालकाला विचारून तेही लिही. टेपच्या टोकाला नटबोल्टचं वजन बांध. टेप हळू सोड. पाण्याला वजन टेकलं की खालून टप् असा बारीक आवाज येतो आणि टेप क्षणभर हलकी होते. त्या क्षणाचा आकडा वाच. पहिल्या वेळी ऐकू येणार नाही, पाचव्या-सहाव्या वेळी हातालाच कळेल. विहिरीच्या बाजूला दिसणारे थरही लिही, मुरूम कुठवर, मांजऱ्या म्हणजे छिद्राळ खडक कुठे, काळा पाषाण कुठून. आपल्या भागात पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. अख्ख्या काळ्या पाषाणात ते फारसं राहत नाही. हे चित्र सात विहिरींतून तुझ्या डोळ्यांपुढे उभं राहील, आणि बोअर मारायला निघालेल्या माणसाशी बोलताना ते उपयोगी पडेल.

राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात. तूही निदान त्या चार वेळा मोज, जमलं तर दर महिन्याला. सोबत शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक लाव. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. हजार हेक्टरच्या गावावर 400 मिलिमीटर पडला तर 400 कोटी लिटर होतात. हा आकडा तू फळ्यावर मांडलास की लोक हसायचे थांबतात, कारण मग प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, एवढं पाणी जातं कुठे? हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात हेच रुजलं. पावसाळा संपला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ठरवतं. पाणी कमी असेल तर पाणीखाऊ पीक नाही. शेतीसाठी बोअर घ्यायलाच बंदी. ही शिस्त आकड्यांशिवाय टिकली नसती, आणि ते आकडे कुणीतरी कंटाळा न करता दरवर्षी लिहीत आलं म्हणून त्यांना वजन आलं.

झाडं लावूच नकोस असं मी म्हणत नाही, हे पुन्हा सांगते. ओढ्याच्या दोन्ही काठांना लाव, बांधावर लाव, शाळेत आणि स्मशानभूमीत लाव. कडुलिंब, बोर, बाभूळ, करंज, हिवर, गावात आहेत तीच. हजार नकोत, साठ लाव. पण त्या साठांना तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्यांची नावं आधी लिही. आपल्याकडे रोप मरतं ते पहिल्या पावसाळ्यात क्वचितच, मरतं ते पुढच्या एप्रिल-मेमध्ये, जेव्हा फोटो काढणारं कुणी नसतं.

शिबिरवाल्यांना सहा महिन्यांनी अहवाल द्यायचा आहे आणि त्यात 'किती झाडं लावली' असा रकाना आहे, याची तुला चिंता आहे. त्या रकान्यात खरा आकडा लिही आणि खाली सगळी हकिगत लिही. आजोबांचा प्रश्न लिही, तुझं उत्तर न सुचणं लिही, जुलैत हजार झाडं लावण्याऐवजी काय केलंस ते लिही. त्यांनी तुला मनापासून शिकवलं आहे असं तुझ्या पत्रावरून वाटतं, तर ते समजून घेतील. नाही घेतलं तरी आकडा फुगवू नकोस. पुढच्या तुकडीतली एखादी मुलगी तुझा अहवाल वाचून आपल्या गावच्या माळावर जाईल.

रात्री झोप लागत नाही, असंही लिहिलं आहेस. हवामानबदलाचे आलेख पाहिल्यापासून छातीत काहीतरी दाटतं, आणि आईला सांगितलं तर ती म्हणते, फोन कमी बघ. ही भीती खोटी नाही आणि तू दुबळी आहेस म्हणून ती आलेली नाही. मी माझ्यापुरता एक उपाय करते. ज्या दिवशी फार दाटतं त्या दिवशी मोजण्याचं काहीतरी करते, विहीर, पाऊस, एखाद्या झाडाचा बुंधा. हात गुंतले की श्वास सुटा होतो. तरीही आठवडे-महिने असंच चाललं तर डॉक्टरांना दाखव, त्यात कमीपणा मानू नकोस.

वडिलांना तू स्पर्धा परीक्षा द्यावीस असं वाटतं, त्यावर त्यांच्याशी भांडू नकोस. बी.एस्सी. पूर्ण कर. भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र नीट शिक, कारण गावात प्रेमाने काम करणारी माणसं पुष्कळ मिळतात, खडक ओळखणारी फार थोडी. आणि वनखात्यात, कृषी विभागात, भूजल यंत्रणेत तुझ्यासारखी मेंढरांमागे चाललेली अधिकारी बसली तर मला किती आनंद होईल ते तुला आत्ता कळणार नाही.

मी 31 मेला सकाळच्या पहिल्या एसटीने येते आहे. पाऊस यायच्या आधीचं शेवटचं माप घेऊन ठेवायचं आहे, म्हणजे वर्षभराची सुरुवात हाताशी राहील. टेप माझ्याकडे तीस मीटरची आहे, तुमच्या वरच्या वाडीतली विहीर खोल आहे म्हणून तू पन्नासची मागून ठेव. तेलरंगाचा छोटा डबा आणि ब्रश घे. आदल्या दिवशी सातही मालकांच्या घरी जाऊन पहाटे मोटार चालू करू नका असं सांगून ये, नुसता निरोप पाठवू नकोस. दुपारी आपण वाड्यावर जाऊ. आजोबांना मी येणार हे सांगू नकोस, चहापाण्याच्या धांदलीला लागतील. भाकरी बांधून आणते, चौघांना पुरेल इतकी.

तुझी,
बाई